घरातल्या नेटवर्कची आखणी

पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, तेव्हा ज्या घरात रेडिओ असे त्या घरात तो बहुधा एकच असे, आणि तो कोठे ठेवावा हा प्रश्न एरियलची तार जिथवर पोहोचेल त्या भिंतीने परस्परच सोडवलेला असे. पुढे १९७२ साली मुंबईचे दूरदर्शन सुरू झाले आणि दुसऱ्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुणेकरांच्या घरी दिसू लागले, तेव्हाही गच्चीवरची अँटेना सिंहगडाच्या रोखाने फिरवून तिच्यापासून एक चपटी तार दिवाणखान्यात उतरवली की सारे काम आटोपत असे. आज त्याच घरात दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीवर क्रिकेटचा सामना चाललेला असतो, आजींच्या खोलीत कीर्तन, अभ्यासाच्या खोलीत ऑनलाइन वर्ग आणि स्वैपाकघराच्या ओट्यावर कोणाच्या तरी मोबाइलवर एखादी मालिका. आणि हे सारे एकाच काचेच्या धाग्यातून घरात शिरलेले असते. इतके मोठे स्थित्यंतर घडूनही घराच्या आखणीत या गोष्टीला अद्याप जागा मिळालेली नाही. घर बांधताना वा विकत घेताना नळ कोठे, मोरी कोठे, विजेची बटणे कोठे यांचा नकाशा आपण डोळ्यांत तेल घालून तपासतो. नेटवर्कचा विचार मात्र जोडणी द्यायला आलेला माणूस खिडकीच्या चौकटीला भोक पाडू लागतो त्या क्षणी सुरू होतो आणि त्याच क्षणी संपतो. हा विचार आधी करावा, आणि तो कोणत्या क्रमाने करावा, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

या आखणीच्या मुळाशी असलेला एक भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. सिंहगडावरून निघालेली लहर एका घराने टिपली काय किंवा शहरातल्या प्रत्येक घराने टिपली काय, प्रक्षेपकावर पडणारा भार तोच राही. प्रेक्षक वाढले म्हणून त्याला काही अधिक खर्ची घालावे लागत नसे. इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रपटाचा वा गाण्याचा व्यवहार याहून अगदी निराळा आहे. येथे प्रत्येक पडद्यासाठी दूरच्या संगणकापासून स्वतंत्र प्रवाह निघतो, आणि एकाच घरातल्या दोन खोल्यांत दोन माणसे एकच सामना पाहत असली तरी उंबऱ्यावर बहुधा दोन प्रवाह येऊन पोहोचतात. शिवाय हा प्रवाह लहानलहान पुडक्यांच्या रूपाने येतो, आणि त्या पुडक्यांना वाटेत कमीअधिक उशीर होत असल्यामुळे टीव्ही काही सेकंदांचा मजकूर आपल्या स्मृतीत आगाऊ साठवून ठेवतो. हा साठा संपण्यापूर्वी त्यात भर पडली नाही, की चित्र थबकते आणि पडद्यावर ते सर्वपरिचित वर्तुळ गरगरू लागते. म्हणून आखणी करणाऱ्याने दोन हिशेब मांडावयाचे असतात: घराला एकूण प्रवाह किती हवा, आणि तो घरात नेमका कोठे अडतो.

पहिला हिशेब कागदाच्या एका पाठीवर मावतो. अतिसूक्ष्म, म्हणजे फोर-के दर्जाच्या चित्राला दर सेकंदास १५ ते २५ मेगाबिट लागतात. साध्या एचडी चित्राला ५ ते ८. समोरासमोर चित्र दाखवणाऱ्या संभाषणाला ३ ते ४. आणि सीडीच्या दर्जाच्या, काहीही न गाळलेल्या संगीताला अवघे १.४. आता पुण्यातले एक सर्वसाधारण कुटुंब घ्यावे आणि त्याची सर्वांत गर्दीची वेळ, म्हणजे रात्रीचे नऊ, हिशेबासाठी धरावी. दिवाणखान्यात फोर-केचे २५, दुसऱ्या टीव्हीचे ८, ऑनलाइन वर्गाचे ४, दोन मोबाइलांचे मिळून १०, आणि गाणे ऐकणाऱ्याचे दीड, अशी बेरीज पन्नासाच्या आतच राहते. अडीअडचणीसाठी तिच्यात निम्म्याने भर घातली तरी ती ७५ च्या आतच राहते. म्हणजे १०० मेगाबिटची जोडणी या घराला सुखाने पुरावी.

आणि तरीही अनुभव असा, की १०० ची जोडणी आहे, २०० ची घेतली, पुढे ३०० ची झाली, मासिक आकार वाढत गेला, पण मागच्या खोलीतला टीव्ही थबकायचा तो थबकतोच. याचे कारण दुसऱ्या हिशेबात दडलेले असते. प्रवाह उंबऱ्यापर्यंत मुबलक येतो. तो अडतो उंबऱ्यापासून खोलीपर्यंतच्या दहा मीटरांत. सबब जोडणी वाढवण्यापूर्वी एक साधी परीक्षा प्रत्येकाने करून पाहावी: लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडून वेग मोजावा, आणि नंतर ज्या खोलीत तक्रार आहे तेथे बसून बिनतारी मोजावा. पहिला आकडा पुरेसा आणि दुसरा तोकडा निघाला, तर नेट पुरवणाऱ्याला फोन करून उपयोग नाही. दोष आपल्या चार भिंतींत आहे आणि तो काढण्याचे कामही आपलेच आहे.

आता उंबऱ्यावरच्या त्या धाग्याकडे पाहू. फायबर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या काचेच्या धाग्याचा गाभा, ज्यातून प्रकाश धावतो तो, सुमारे ९ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतो. त्यातून येताना १४९० नॅनोमीटरच्या आणि जाताना १३१० नॅनोमीटरच्या लहरींचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश एकाच वेळी ये-जा करतो, आणि भिंतीवरची पांढरी पेटी त्याचे विजेच्या संदेशांत रूपांतर करते. हा धागा तणाव बराच सोसतो, पण काटकोनात मुडपला की गाभ्यातला प्रकाश बाहेर सांडतो. म्हणून चौकटीच्या कोपऱ्यावर तो खिळ्याने आवळणे ही हानीची सुरुवात असते. महत्त्वाची गोष्ट अशी, की हा धागा वीस मीटर अधिक ओढला तरी त्यातल्या संदेशाची जवळजवळ काहीच घट होत नाही. असे असताना पेटी गॅलरीत किंवा प्रवेशदारामागे, म्हणजे घराच्या एका टोकाला लावून घेणे यात शहाणपण नाही. जोडणीच्या दिवशी आपण स्वतः हजर राहावे, आणि धागा घराच्या मध्यापर्यंत, आधी ठरवलेल्या जागेपर्यंत, आणण्याचा आग्रह धरावा. त्या अर्ध्या तासाच्या आग्रहाचे फळ पुढे वर्षानुवर्षे मिळत राहते.

पेटीला जोडलेल्या राउटरपासून पुढे प्रवाह हवेतून जातो. डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युत्-लहरी भिंतीतून पार जातात, हे जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये १८९५ साली जाहीरपणे दाखवून दिले होते; त्या लहरींनी मधल्या भिंती ओलांडून पलीकडची घंटा वाजवली होती. आजचे वायफाय त्याच कुळातले. त्याच्या लहरी मुख्यतः दोन जातींच्या: २.४ गिगाहर्ट्झची, साडेबारा सेंटीमीटर लांबीची, आणि ५ गिगाहर्ट्झची, सहा सेंटीमीटरांच्या आतबाहेर लांबीची. भारत सरकारने पहिला पट्टा २००५ साली आणि दुसऱ्याचा बराच विस्तृत भाग २०१८ साली परवान्याच्या अटीतून मोकळा केला, म्हणून आपण कोणाच्याही मंजुरीवाचून त्या वापरू शकतो. पहिली जात भिंतीतून बरी पार होते, पण तिच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग जेमतेम तीन, म्हणजे १, ६ आणि ११. त्यातच स्वैपाकघरातला मायक्रोवेव्ह याच पट्ट्यात काम करीत असल्याने तो चालू झाला की जवळपासच्या संदेशांत व्यत्यय येतो. दुसरी जात विस्तृत आणि वेगवान, पण भिंतीपुढे लवकर नमणारी.

भिंतीपुढे नमणे म्हणजे किती, हे डेसिबलच्या मापाने सांगतात, आणि हे माप एकदा समजले की घराचा नकाशा निराळ्याच दृष्टीने दिसू लागतो. १० डेसिबलची घट म्हणजे लहरीची शक्ती एक-दशांश उरणे. २० म्हणजे एक-शतांश. ३० म्हणजे एक-सहस्रांश. म्हणजे एका भिंतीने १० डेसिबल खाल्ले, तर तशा तीन भिंतींपलीकडे हजारात एक भाग पोहोचतो. मोबाइलवर मोफत मिळणाऱ्या एखाद्या मापन-ॲपमध्ये ही शक्ती ऋण आकड्यांत दिसते: राउटरशेजारी उणे ४० च्या आसपास, चित्रपट विनाअडथळा चालण्यासाठी निदान उणे ६७, आणि उणे ८० च्या खाली गेल्यावर नाव दिसते पण काम होत नाही. घराचा नकाशा कागदावर काढून, प्रत्येक खोलीत, ज्या जागी टीव्ही असणार किंवा माणूस बसणार त्या जागी हा आकडा लिहावा, आणि दारे उघडी असताना व मिटलेली असताना अशा दोन्ही नोंदी घ्याव्यात. आखणीचा अर्धा भाग या एका कागदाने पुरा होतो.

पुण्यात हा कागद घरागणिक निराळा येतो, कारण पुण्याची घरे तीन निरनिराळ्या काळांतली आहेत. पेठांतल्या जुन्या वाड्यांत लाकडी सांगाडा, विटा-मातीच्या रुंद भिंती आणि मजल्यांमध्ये लाकडी तक्तपोशी असते. तेथे लहर आडवी फारशी जात नाही, विशेषतः पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीतून तर नाहीच, पण वरच्या मजल्यावर लाकडातून मात्र सहज चढते, म्हणून वाड्यात राउटर एकाखाली एक अशा खोल्यांचा विचार करून ठेवावा. एरंडवणे, डेक्कन, सहकारनगर या भागांतल्या सहकारी सोसायट्यांत नऊ इंची, कोठे चौदा इंचीही, विटांच्या भिंती आणि काँक्रीटच्या स्लॅब असतात. येथे एका मध्यवर्ती जागेवरून शेजारच्या खोल्यांत काम भागते, दोन भिंतींपलीकडे भागत नाही. आणि हिंजवडी, वाकड, खराडी या बाजूंना अलीकडे उभ्या राहिलेल्या पुष्कळशा उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या मायवान पद्धतीच्या, सर्वच भिंती सळयांच्या जाळीसह काँक्रीटच्या असतात. येथे भिंत विटेच्या भिंतीपेक्षा पातळ दिसते, पण आतल्या लोखंडी जाळीमुळे लहरीला ती अधिक दुस्तर ठरते. त्यामुळे सर्वांत नव्या, सर्वांत महागड्या घरांत वायफायची तक्रार सर्वांत जास्त, असा चमत्कारिक प्रकार घडतो. घरातली लोखंडी कपाटे, मोठे आरसे आणि पाण्याच्या टाक्या यांनाही भिंतीच समजावे. टीव्हीच्या मागे, बुटांच्या कपाटात, किंवा माळ्यावरच्या पितळी भांड्यांच्या शेजारी राउटर ठेवणे म्हणजे दिवा रांजणात ठेवणे होय.

भिंतींइतकाच दुसरा अडथळा शेजाऱ्यांचा, आणि तो कोणाच्याही दुष्टाव्यामुळे उद्भवत नाही. एका मार्गावर एका क्षणी एकाच यंत्राने बोलावे, इतरांनी तोवर थांबावे, हा वायफायचा मूळ नियम आहे. सोसायटीच्या एका जिन्यावर पंधरा-वीस राउटर असले आणि २.४ च्या पट्ट्यात मार्ग तीनच असले, की प्रत्येकाच्या वाट्याला बोलण्याचा वेळ थोडा आणि थांबण्याचा फार येतो. घरातल्या घरातही हाच नियम चालतो: कोपऱ्यातल्या खोलीतले क्षीण लहर मिळणारे एक यंत्र तोच मजकूर सावकाश उच्चारते आणि तेवढा वेळ सर्वांचा खाते. यावरून या सबंध विषयाचे मुख्य सूत्र निघते, आणि बाकीचे सारे विसरले तरी एवढे विसरू नये. जे जागचे हलत नाही ते तारेवर घालावे आणि जे हातात घेऊन हिंडावयाचे तेवढेच हवेवर ठेवावे. टीव्ही, मेजावरचा संगणक, साठवणुकीची पेटी, छतावरचा कॅमेरा ही स्थावर मालमत्ता होय. ती तारेवर गेली की तिला भिंतींचा त्रास उरत नाही, आणि तिने मोकळी केलेली हवा मोबाइलांच्या वाट्याला येते. म्हणजे तारेने टीव्हीबरोबरच वायफायही सुधारते.

ही तार म्हणजे बाजारात कॅट-सिक्स नावाने मिळणारी लॅन केबल. तिचे वरचे आवरण बोटभर सोलून पाहण्यासारखे असते. आत नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी अशा चार रंगांच्या चार जोड्या असतात. प्रत्येक जोडीत एक तार भरीव रंगाची आणि दुसरी त्याच रंगाचा पट्टा असलेली पांढरी. आणि या दोघी एकमेकींना पीळ घालून बसलेल्या असतात. नीट निरखले तर चारही जोड्यांचा पीळ सारखा नसतो, कोणाचा घट्ट, कोणाचा सैल. हा पीळ दिसायला क्षुल्लक, पण सारी करामत त्याच्यात आहे. जोडीतल्या एका तारेवर संदेश सुलटा आणि दुसरीवर तोच उलटा पाठवतात, आणि पलीकडचे यंत्र दोहोंतली वजाबाकी तेवढी वाचते. बाहेरून येणारा उपद्रव पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच पडतो, म्हणून वजाबाकीत तो नाहीसा होतो. पीळ सारखे नसल्यामुळे शेजारच्या जोड्यांचा आवाजही एकमेकींत मिसळत नाही. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली पेटंट घेतलेली ही युक्ती आजही तशीच वापरात आहे. अशी तार १०० मीटरपर्यंत दर सेकंदास १००० मेगाबिट बिनतक्रार नेते. पुण्यातल्या कोणत्या सदनिकेला याहून अधिक लागणार?

तार घेताना मात्र एक खबरदारी अवश्य घ्यावी. बाजारात निर्भेळ तांब्याच्या तारेबरोबरच ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तारही मिळते. ती स्वस्त आणि हलकी असते, पण वाकवताना मोडते आणि लांब अंतरावर दगा देते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या परिसरात खरेदीला गेल्यावर तारेचे टोक पात्याने हलकेच खरवडून पाहावे: आतही तांबडीच निघाली तर ती घ्यावी, पांढरी चमक दिसली तर परत द्यावी. भिंतीत घालण्यासाठी २५ मिलिमीटरचा पाइप असावा, वळणे रुंद आणि मोजकी असावीत, आणि विजेच्या तारांच्या पाइपातून ही तार कधीही नेऊ नये; दोन्ही पाइप शेजारून न्यावे लागले तर मध्ये वीतभर अंतर ठेवावे आणि एकमेकांस छेदून जावे लागले तर काटकोनात छेदावे. ज्या पाइपात आज तार नको असेल त्यातही नायलॉनची एक दोरी ओवून ठेवावी. तारा आणि यंत्रे दहा-पंधरा वर्षांत बदलतील. पाइप इमारतीइतका टिकेल. ओतीव काँक्रीटच्या इमारतीत तर भिंतीला मागाहून झिरी मारता येत नाही, म्हणून तेथे घर घेणाऱ्याने स्लॅब पडण्यापूर्वीच प्रत्येक खोलीपर्यंत रिकाम्या पाइपाची मागणी बांधकाम व्यावसायिकाकडे लेखी नोंदवावी.

प्रत्येक खोलीची तार स्वतंत्रपणे एकाच मध्यवर्ती जागी यावी. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी माळ ओवू नये. ही मध्यवर्ती जागा हवेशीर, कोरडी, हात पोहोचेल अशी आणि विजेचे दोन-तीन प्लग असलेली हवी. तेथे या साऱ्या तारांना एकत्र जोडणारा आठ जोडण्यांचा एक स्विच बसवला की सर्वसाधारण घराची सोय होते. टीव्हीमागे एकाऐवजी दोन तारा आणाव्यात, कारण दुसरी कशाला लागेल हे आज सांगता येत नसले तरी ती घालण्याचा खर्च आजच सर्वांत कमी असतो. मोठ्या किंवा लांबट घरात हवेचा दुसरा स्रोत लागतोच. पण नुसता हवेतून घेऊन हवेतच पुन्हा सोडणारा रिपीटर लावला तर प्रत्येक पुडके त्याच मार्गावर दोनदा उच्चारले जाते आणि वेग सुमारे निम्म्यावर येतो. तोच दुसरा स्रोत तारेने मध्यवर्ती स्विचला जोडला तर ही घट होत नाही. जुन्या घरात भिंती फोडणे नको असेल, तर छताच्या कडेने प्लॅस्टिकची केसिंग-पट्टी मारावी, किंवा बंद पडलेल्या केबल टीव्हीच्या पाइपातली जुनी तार ओढून काढतानाच तिच्या टोकाला नवी बांधून आत घ्यावी.

आतापर्यंत बाहेरून येणाऱ्या प्रवाहाचा विचार झाला. पण पुष्कळ घरांत स्वतःचा संग्रहही असतो: लग्नमुंजींच्या ध्वनिचित्रफिती, मुलांच्या बालपणीची छायाचित्रे, वर्षानुवर्षे विकत घेतलेल्या सीडी. हा साठा घरातच, सर्व खोल्यांना हाक मारता येईल अशा जागी ठेवण्याचा विचार पुण्याला नवा नाही. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले, तेव्हा ते पेठापेठांतल्या हौदांत साठत असे आणि लोक आपापल्या हौदावरून ते नेत. नळाच्या वाटेवर दाब मोकळा होण्यासाठी आणि तपासणीसाठी ठिकठिकाणी उच्छ्वासही बांधलेले होते. मूळ स्रोत दूर असला तरी नित्याच्या गरजेचा साठा वापराच्या जागेजवळ असावा, आणि वाटेत कोठे अडले हे पाहण्याची सोय असावी, ही त्या योजनेतली दोन तत्त्वे आजच्या घरालाही तंतोतंत लागू पडतात. नास नावाने मिळणारी साठवणुकीची पेटी हा घरातला हौद. ती मध्यवर्ती स्विचला तारेने जोडली की बाहेरची जोडणी बंद असतानाही घरातला संग्रह सर्व खोल्यांत पाहता-ऐकता येतो. फोर-के डिस्कची प्रत कधी कधी क्षणभर १०० मेगाबिटच्या वर मागणी करते आणि पुष्कळशा टीव्हींच्या तारेच्या खाचेची क्षमता नेमकी १०० चीच असते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. अशा वेळी १००० मेगाबिटची खाच असलेली स्वतंत्र पेटी टीव्हीला जोडणे इष्ट.

साठा घरात आला की त्याच्या रक्षणाची जबाबदारीही घरात येते. भारतीय चित्रपटांचे जतन करणारे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली याच शहरात स्थापन झाले. आणि याच शहरात, प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात, २००३ साली नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जुन्या मूकपटांचे आणि बोलपटांचे पुन्हा न मिळणारे रीळ जळून गेले. त्या नुकसानीची आठवण कोणाही चित्रपटप्रेमी पुणेकराला आजही बोचते. घरगुती संग्रहाचे मोल त्या कुटुंबापुरते तितकेच असते. साठवणुकीच्या पेटीत दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवीत असल्या तरी त्याने एक डिस्क बिघडण्यापासून तेवढे रक्षण होते. आग, चोरी, किंवा चुकून पुसले जाणे यांपासून होत नाही. म्हणून एक प्रत घराबाहेर, भावाकडे वा लेकीकडे, ठेवावी आणि दिवाळी-पाडव्यासारख्या ठरलेल्या मुहूर्तावर ती अद्ययावत करावी.

अनेक खोल्यांत चित्र नेण्यापेक्षा एकच गाणे अनेक खोल्यांत एकाच वेळी नेणे तांत्रिकदृष्ट्या अधिक कठीण आहे, आणि पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली ज्या शहरात सवाई गंधर्व महोत्सवाची परंपरा सुरू केली त्या शहरात हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा ठरावा. दिवाणखान्यातला आणि माजघरातला ध्वनिक्षेपक एकच ध्वनिमुद्रण वाजवीत असले, तरी दोहोंतल्या स्फटिकाच्या घड्याळांची गती किंचित निराळी असते. दहा लाखांत पन्नास एवढा बारीक फरक धरला, तरी मिनिटाला ३ मिलिसेकंद आणि तासाला १८० मिलिसेकंद इतके अंतर पडते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, म्हणजे ३० मिलिसेकंदांत तो साधारण दहा मीटर जातो. तेवढ्या अंतरापर्यंतचा उशीर कान सहसा सोसतो, त्यापुढे प्रतिध्वनी ऐकू येऊ लागतो. तानपुऱ्याच्या अखंड नादात हे एक वेळ लपेल. तबल्याच्या स्वच्छ आघाताचे मात्र दोन आघात होतील आणि सम विस्कटेल. म्हणून अनेक खोल्यांसाठी बनवलेल्या ध्वनियोजनांत सर्व ध्वनिक्षेपक परस्परांशी सतत वेळेचे संदेश बदलतात आणि एका समाईक घड्याळाशी आपली गती जुळवून घेतात. निरनिराळ्या बनावटींचे ध्वनिक्षेपक हे काम आपापल्या रीतीने करीत असल्यामुळे ते परस्परांशी बहुधा जुळत नाहीत; सबब ते एकाच योजनेतले घ्यावेत. ब्लूटूथ हे एका माणसाच्या जवळच्या वापरासाठी ठीक, घरभर सूर नेण्याचे ते साधन नव्हे.

विजेची तजवीजही आखणीतच व्हावी. पुण्यात दुरुस्ती-देखभालीसाठी गुरुवारी वीज जाण्याची पद्धत सर्वांच्या अंगवळणी पडली आहे, पण फायबरची पेटी, राउटर आणि स्विच मिळून साधारण ३० वॅटच खातात, म्हणजे चार तासांना १२० वॅट-तास. घरातल्या इन्व्हर्टरवरून मध्यवर्ती जागेला एक प्लग दिला की पंख्याच्या खर्चाहूनही कमी खर्चात नेट चालू राहते. मे महिन्यातल्या वळवाच्या विजा हा अधिक गंभीर धोका आहे. काचेचा धागा वीज वाहून नेत नाही, तांब्याची तार नेते. म्हणून गच्चीवरचा कॅमेरा किंवा आवारातली वेगळी खोली जोडावयाची असल्यास उघड्यावरून तांब्याची तार न नेता फायबर न्यावा. आणि पाहुण्यांना देण्याचे वायफाय, तसेच टीव्ही-कॅमेऱ्यासारखी क्वचितच सुधारली जाणारी यंत्रे, ही घरातल्या संगणकांपासून आणि साठवणुकीच्या पेटीपासून वेगळ्या नावाने वेगळी ठेवावीत. राउटरवर आलेला मूळचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

अंदाजपत्रकाचा क्रम या सर्वांवरून आपोआप ठरतो. आधी पैसा पाइप आणि तारेवर घालावा, मग मध्यवर्ती जागेवर, मग हवेच्या स्रोतांवर, आणि सर्वांत शेवटी जोडणीच्या वेगावर. व्यवहारात आपण बहुधा हा क्रम उलटा चालवतो, म्हणून दरमहा अधिक देऊनही अडचण तशीच राहते. काम पुरे झाले की प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना तिच्या खोलीचे नाव चिकटवावे, पाइप कोणत्या भिंतीतून किती उंचीवरून गेले आहेत त्यांची छायाचित्रे गिलावा होण्यापूर्वी काढावीत, आणि हा नकाशा घराच्या खरेदीखताबरोबर एकाच दफ्तरात ठेवावा. घरात पुढे राहायला येणाऱ्या माणसाचीही त्याच भिंतींशी गाठ पडणार आहे, आणि भिंतीत काय आहे हे सांगणारा एवढा एकच कागद त्याच्या हाती असणार आहे.